ओव्हरसी म्हणजे नेमकं काय? देखरेखीच्या एका इंग्रजी शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या वाचनालयात संध्याकाळी पोट्टे-पोट्टी अभ्यासाला बसतात. कोणी पोलीस भरतीचं करतंय, कोणी तलाठी, कोणी एमपीएससी, आणि त्यांचं इंग्रजी घ्यायचं काम माझ्याकडे आहे. इतक्या वर्षांत ज्या शब्दावर सगळ्यात जास्त प्रश्न आले तो शब्द म्हणजे ओव्हरसी. दिसायला सोपा आहे, दोन छोटे शब्द जोडलेत, पण ओव्हरलुक, ओव्हरसाइट, ओव्हरसीज, ओव्हरसियर असे त्याचे भाऊबंद इतके सारखे दिसतात की चांगले चांगले गडबडतात. दरवेळी व्हॉट्सअपवर तेच तेच टाइप करण्यापेक्षा आलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथं एका जागी लिहून ठेवतो. प्रश्न ज्यानं जसे विचारले तसेच ठेवले आहेत.

सर, एका वाक्यात सांगा, ओव्हरसी म्हणजे काय?

काम दुसरे करतात, पण ते नीट झालं पाहिजे याची जबाबदारी तुमची असते आणि म्हणून तुम्ही त्यावर नजर ठेवता, याला ओव्हरसी करणं म्हणतात. आपल्या भाषेत देखरेख.

यात नजर आणि जबाबदारी दोन्ही लागतात, एक असून चालत नाही. कापूस वेचणीचं घ्या. वावरात पंधरा बाया वेचून रायल्या आहेत, आणि एक जण तासातासातून, म्हणजे ओळीओळीतून, फिरून पाहतो की फुटलेली बोंडं मागं राहत तर नाहीत, कापसात पाला आणि कवडी (किडका कापूस) येत तर नाही, मग संध्याकाळी काट्यावर एकेकीचं वजन करून वहीत लिहितो, कारण पैसे किलोवर द्यायचे असतात आणि वजनात चूक झाली तर बाई त्यालाच विचारणार. हा माणूस वेचणी ओव्हरसी करतो. त्याच वेळी रस्त्यानं जाणारा कोणी बांधावर पाच मिनिटं उभा राहून तीच वेचणी पाहतो, तोही पाहतोच आहे, पण कमी-जास्त झालं तर त्याला कोणी विचारणार नाही, म्हणून त्याच्यासाठी फक्त वॉच किंवा सी.

इंग्रजीत वाक्य असं होईल: ही ओव्हरसीज द कॉटन पिकिंग.

मराठीत याले काय म्हणाचं? पुस्तकात पर्यवेक्षण लिहून हाय, पण असं कोण बोलते?

कोणीच बोलत नाही, बरोबर आहे तुमचं. पर्यवेक्षण कागदावर ठीक आहे, अर्जात लिहा, सरकारी उत्तरात लिहा. बोलताना देखरेख, लक्ष ठेवणं, नजर ठेवणं. पण मला विचाराल तर ओव्हरसीसाठी आपल्याकडचा सगळ्यात जवळचा शब्द याहून साधा आहे, आणि तो म्हणजे नुसतं 'पाहणं'.

आपण विचारतो, "वावराचं कोण पाहते आता?" इथं पाहणं म्हणजे डोळ्यानं बघणं नव्हे, शेतीचा कारभार कोणाच्या नजरेखाली चालतो ते विचारतोय. लग्नात विचारतो, "पंगतीचं कोण पाहून रायलं?" आणि उत्तर येते, "मामाजी पाहून रायले." आता हे मामाजी बघा, त्यांच्या हातात ना वरणाची बादली असते ना भाताचं ताट, वाढणारे पोट्टे वेगळे, आचारी वेगळा, पण मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांची नजर फिरत असते, कोणाच्या पत्रावळीवर वरण पोचलं नाही, कुठं पोळी संपली, दुसरी पंगत कधी बसवायची, आणि अन्न कमी पडलं तर नवरीच्या बापाआधी मामाजीच्या कपाळावर आठ्या पडतात. ओव्हरसी हा शब्द ज्याला समजून घ्यायचा आहे त्यानं एकदा असल्या मामाजीकडं नीट पाहावं.

म्हणून भाषांतर करताना आधी मनात विचारा, इथं मराठीत "याचं तो पाहतो" असं म्हणता येईल का? येत असेल तर ओव्हरसी बहुतेक बसतोच.

ओव्हर म्हणजे वर, सी म्हणजे पाहणं. मंग ओव्हरसी म्हणजे 'वर पाहणं' काऊन नाही?

लय चांगला प्रश्न, आणि एका नववीतल्या पोरीनं विचारला होता. आपण वर पाहतो ते आभाळाकडं, त्याला लुक अप. ओव्हरसी म्हणजे वर राहून खाली सगळीकडं पाहणं. ज्वारीच्या नाहीतर चण्याच्या वावरात जागलीसाठी माळा बांधतात ना, चार बल्ल्यांवर, रानडुकरं आणि रोही (नीलगाई) येऊ नये म्हणून रात्रभर कोणी तरी त्यावर बसतं. माळा उंच कशासाठी? जमिनीवर बसलं तर पुढची दोन तासंच दिसतात, उंचावरून धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत पूर्ण वावर दिसतं. ओव्हरसीमधला ओव्हर हा तो माळा आहे.

शब्द जुन्या इंग्रजीतला आहे, तिथं त्याचा अर्थ वरून खाली पाहणं, नजर ठेवणं असा होता, आणि कामावर देखरेख करणं हा आजचा अर्थ पंधराव्या शतकापासून दिसतो. पण मला सगळ्यात जास्त आवडते ती गोष्ट पुढं आहे, इथं थोडं थांबून वाचा. सुपरव्हाइज हा शब्द लॅटिनमधून आला, तिथं सुपर म्हणजे वर आणि व्हिदेरे म्हणजे पाहणं, म्हणजे पुन्हा ओव्हर-सीच. सर्व्हे हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, त्यातही वरून पाहणं हेच आहे, म्हणजे तुमच्या सातबाऱ्यावर जो सर्व्हे नंबर असतो ना, तोही याच घरातला. चर्चमधला बिशप? तो ग्रीक एपिस्कोपोसपासून, एपि म्हणजे वर आणि स्कोपोस म्हणजे पाहणारा.

आणि आपल्याकडं? अधीक्षक. पोलीस अधीक्षक म्हणतो, अधीक्षक अभियंता म्हणतो, पण फोडून कधी पाहिला नसेल. अधि म्हणजे वर आणि ईक्ष् म्हणजे पाहणं. अगदी तंतोतंत ओव्हर-सी. अध्यक्षसुद्धा तसाच, अधि आणि अक्ष, अक्ष म्हणजे डोळा. आज अध्यक्ष म्हटलं की आपल्याला हार आणि खुर्ची दिसते, पण कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं दुसरं अधिकरण, ज्याचं नाव अध्यक्षप्रचार आहे, त्यात अध्यक्ष म्हणजे एकेका खात्यावर देखरेख करणारा कामाचा माणूस. शेतीवर सीताध्यक्ष, सुतावर सूत्राध्यक्ष, गाई-गुरांवर गोऽध्यक्ष. सूत्राध्यक्षाचं काम कताई-विणाईवर नजर ठेवायचं, म्हणजे आपल्या कापसाच्या मुलुखातल्या माणसाला हा ओव्हरसियर जवळचा वाटावा असाच आहे.

ओव्हरसी आणि ओव्हरलुक एकच ना? सी आणि लुक दोन्ही पाहणंच आहे.

नाही, आणि हीच चूक सगळ्यात महाग पडते. ओव्हरसी म्हणजे लक्ष ठेवणं. ओव्हरलुक म्हणजे लक्षातून सुटणं, नाहीतर दिसूनही सोडून देणं. जवळजवळ उलट अर्थ.

आमच्या वर्गातल्या एका पोराचं सांगतो. त्यानं दोन वर्षं एका ठेकेदाराकडं रस्त्याच्या कामावर मजुरांची हजेरी आणि माल पाहिला होता, खरंच मेहनतीनं. नंतर एका खासगी कंपनीत अर्ज केला आणि त्यात अनुभव म्हणून लिहिलं, आय ओव्हरलुक्ड द वर्क ऑफ ट्वेंटी लेबरर्स. त्याला म्हणायचं होतं मी वीस मजुरांच्या कामावर देखरेख केली, आणि कागदावर झालं मी वीस मजुरांच्या कामाकडं दुर्लक्ष केलं. मुलाखतीत समोरच्यानं ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि हसला, काय चुकलं ते मात्र सांगितलं नाही. पोरगा घरी आल्यावर माझ्याकडं आला, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण काम त्यानं केलेलं होतं, फक्त शब्द चुकला. त्या दिवसापासून हा शब्द मी पहिल्याच आठवड्यात शिकवतो.

लक्षात ठेवायला आपल्याच भाषेतली जोडी घ्या. वर सांगितलं तसं अधीक्षकमध्ये ईक्ष् आहे. आता उपेक्षा हा शब्द फोडा, उप आणि ईक्षा, तोच ईक्ष्, तेच पाहणं, पण अर्थ दुर्लक्ष. एकाच पाहण्यातून अधीक्षकही निघाला आणि उपेक्षाही निघाली. इंग्रजीतही तसंच, ओव्हरसी म्हणजे अधीक्षकाचं काम, ओव्हरलुक म्हणजे उपेक्षा. शिवाय आपली रोजची जोडी आहेच, नजर ठेवणं आणि नजरेतून सुटणं. नजर तीच, क्रियापद बदललं की सगळं बदलते. जर्मनवाल्यांचं तर पाहा, त्यांच्याकडं युबरझेन हा शब्द घडणीनं अगदी ओव्हर-सी आहे, पण वापरतात तो मुख्यतः नजरेतून सुटणं या अर्थानं.

ओव्हरलुकचा अजून एक अर्थ आहे, उंचावरून समोरचं दिसणं, पण तो जागेसाठी. गाविलगडाचा किल्ला खालच्या दऱ्यांवर पाहत उभा आहे, तिथं द फोर्ट ओव्हरलुक्स द व्हॅलीज अगदी बरोबर आहे. किल्ला, खिडकी, गच्ची, टेकडी यांच्यासाठी ओव्हरलुक. माणूस कामावर लक्ष ठेवत असेल तर ओव्हरसी. एवढं धरून चाला.

मंग ओव्हरसाइट म्हणजे? कुठी देखरेख लिहून हाय, कुठी चूक लिहून हाय.

दोन्ही खरं आहे. ओव्हरसाइट या एकाच नामाला दोन अर्थ आहेत, देखरेख आणि नजरचूक, आणि ते वाक्यावरूनच ओळखावं लागते.

ओळखायची माझी पद्धत सांगतो. ओव्हरसाइटच्या आजूबाजूला कमिटी, बोर्ड, अथॉरिटी, गव्हर्नमेंट असे शब्द असले तर देखरेख. जसं फेसबुकचं ओव्हरसाइट बोर्ड, कोणती पोस्ट काढली ते बरोबर की चूक हे तपासणारं, त्याला चुकांचं मंडळ म्हणून चालणार नाही. आणि आधी ॲन असेल, ड्यू टू ॲन ओव्हरसाइट, इट वॉज ॲन ओव्हरसाइट, तर नजरचूक. बँकेचं पत्र आलं की ड्यू टू ॲन ओव्हरसाइट युवर नेम वॉज नॉट इन्क्लूडेड, तर त्याचा अर्थ नजरचुकीनं तुमचं नाव राहून गेलं. एक पोट्टा म्हणाला होता की सर, बँकेनं देखरेख केली म्हणून नाव राहिलं असं कसं? त्याचा गोंधळ अगदी योग्य जागी झाला होता.

सरावासाठी हे घ्या: द डेथ ऑफ द बुलक वॉज नॉट रिपोर्टेड ड्यू टू लॅक ऑफ ओव्हरसाइट. इथं ॲन नाही, लॅक ऑफ आहे, म्हणजे देखरेखीच्या अभावामुळं. आता तेच ड्यू टू ॲन ओव्हरसाइट केलं की नजरचुकीमुळं. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, पण दोष वेगळ्या जागी जातो. पहिल्यात व्यवस्थाच ढिली होती, दुसऱ्यात एकदा चुकलं. चौकशीच्या कागदात हा फरक लय मोठा असतो.

ओव्हरसीज बँक म्हणजे देखरेख करणारी बँक का?

नाही. ते ओव्हर आणि सीज, सीज म्हणजे समुद्र, ओव्हरसीज म्हणजे समुद्रापलीकडचं, परदेशी. इंडियन ओव्हरसीज बँक १९३७ मध्ये सुरू झाली तीच परदेशी व्यवहार डोळ्यासमोर ठेवून. कानाला ही ओव्हरसीज (तो देखरेख करतो) आणि ओव्हरसीज (परदेशात) एकदम सारखंच ऐकू येते, फरक फक्त स्पेलिंगमध्ये. देखरेखीच्या सीमध्ये दोन ई, समुद्राच्या सीमध्ये ई आणि ए. लिहायच्या पेपरात सांभाळा.

भूतकाळ काय? ओव्हरसीड?

ओव्हरसीड नाही. सी, सॉ, सीन तसंच ओव्हरसी, ओव्हरसॉ, ओव्हरसीन. ही ओव्हरसॉ द डिगिंग ऑफ द वेल, त्यानं विहिरीच्या खोदकामावर देखरेख केली. द वर्क वॉज ओव्हरसीन बाय ॲन इंजिनिअर, काम अभियंत्याच्या देखरेखीखाली झालं. आपल्या "च्या देखरेखीखाली" ला इंग्रजीत हा कर्मणी प्रयोग छान बसतो, नाहीतर अंडर द सुपरव्हिजन ऑफ.

आणि मध्ये ऑन नाही, टू नाही, काहीच नाही. आपण 'कामावर' म्हणतो म्हणून ओव्हरसी ऑन द वर्क लिहावंसं वाटते, ते चूक. ओव्हरसी द वर्क. 'वर' आधीच ओव्हरमध्ये येऊन गेला आहे.

सुपरव्हाइज, मॅनेज, मॉनिटर, इन्स्पेक्ट... सगळे देखरेखच तं आहेत, कोणता कुठी वापराचा?

एकच काम डोळ्यासमोर आणा, म्हणजे वेगळे पडतील. समजा गावात रोजगार हमीतून पाणंद रस्त्याचं काम सुरू आहे. महाराष्ट्रात रोजगार हमी सत्तरच्या दशकातच आली, कायदा १९७७ चा, त्यामुळं मस्टर, मेट, मोजमाप हे शब्द आपल्या आयाबायांनाही तोंडपाठ आहेत.

मजुरांच्या सोबत दिवसभर कामावर राहणारा, हजेरी घेणारा, इथं माती टाका तिथं नका टाकू सांगणारा मेट सुपरव्हाइज करतो. सुपरव्हाइज म्हणजे जवळून, समोरासमोर, माणसांवर. तालुक्यावरून अशी दहा कामं ज्याच्या नजरेखाली आहेत तो अधिकारी ओव्हरसी करतो, तो रोज येणार नाही, प्रत्येक मजुराला ओळखणार नाही, पण एकूण काम बरोबर चाललंय का याचं उत्तर त्याला द्यावं लागते. म्हणजे ओव्हरसी थोडा वरचा, थोडा लांबचा, आणि बहुतेक कामाबद्दल किंवा प्रकल्पाबद्दल. माणसांसाठी सुपरव्हाइज जास्त शोभते. ही रेघ फार कडक नाही, इंग्रजीवालेही एकाच्या जागी दुसरा वापरतात.

मॅनेजमध्ये पाहण्यासोबत निर्णय आणि पैसा येतो, कोणाला कामावर घ्यायचं, खर्च किती करायचा. मॉनिटरमध्ये मोजणं आहे, आकडे पाहत राहणं, आज किती मीटर झालं, काल किती, पण मॉनिटर करणाऱ्याला हुकूम द्यायचा अधिकार असेलच असं नाही. इन्स्पेक्ट म्हणजे येऊन तपासून जाणं. गुणवत्तेवाला गाडीतून उतरला, खडी पाहिली, फोटो काढले, गेला, हे इन्स्पेक्शन झालं, याला ओव्हरसी म्हणू नका.

ऑडिटबद्दल एका पोरीनं विचारलं म्हणून सांगतो. ऑडिट लॅटिनमधल्या ऐकणं या शब्दापासून आला, कारण जुन्या काळी हिशेब मोठ्यानं वाचून दाखवत आणि तपासणारा ऐकत असे. आपण मात्र सामाजिक अंकेक्षण म्हणतो, त्यात पुन्हा ईक्षण, पाहणं.

स्पेलिंगची एक गोष्ट राहिली. अमेरिकन लोक पुष्कळ शब्दांत एसच्या जागी झेड करतात, ऑर्गनाइझ वगैरे, पण सुपरव्हाइज दोन्हीकडं एसनंच लिहितात, कारण ते शेवटचं व्हाइज पाहण्याच्या धातूतलं आहे, जोडलेला प्रत्यय नाही. ॲडव्हाइज, रिव्हाइज तसेच.

दहावीच्या पेपरात हॉलमध्ये जे सर असतात त्यांना सुपरवायझर म्हणतो, ते बरोबर का?

आपल्याकडं सगळे म्हणतात, कागदावरही पर्यवेक्षक लिहितात, त्यामुळं बोलायला हरकत नाही. पण परीक्षेच्या हॉलमध्ये पहारा देणाऱ्यासाठी खास शब्द इन्व्हिजिलेटर आहे, अमेरिकेत प्रॉक्टर. इन्व्हिजिलेटरमध्ये जागं राहणं हा अर्थ आहे, म्हणजे तो आपला जागल्याच. शाळेत मुख्याध्यापकांच्या हाताखाली जे पर्यवेक्षक पद असते ते वेगळं, ते खरं सुपरवायझर.

आजोबा ओव्हरशेर म्हणत होते. ते काय होतं? आज कोणाले ओव्हरसियर म्हटलं तं चालते का?

माझ्या आजोबांच्या तोंडीही ओव्हरशेरच होतं, "ओव्हरशेर आला" म्हटलं की टेप आणि वही घेऊन सायकलवर येणारा माणूस समजायचा. इंग्रजांच्या काळात बांधकाम आणि पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर हे पदच होतं, रस्ता, पूल, कालवा यांच्या प्रत्यक्ष कामावर देखरेख करणारा. रुरकीचं इंजिनिअरिंग कॉलेज १८४७ मध्ये सुरू झालं, तिथं अशी ओव्हरसियर मंडळी तयार होत. पुढं त्याच कामाला कनिष्ठ अभियंता, ज्युनिअर इंजिनिअर असं नाव आलं, पण खेड्यात जुना शब्द लय वर्षं टिकला.

याच्याही आधी इंग्लंडमध्ये ओव्हरसियर हे गावातलं पद होतं. १६०१ च्या गरिबांच्या कायद्यानं प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावात, ओव्हरसियर नेमले जात, गावाकडून कर गोळा करायचा आणि गरिबांना मदत द्यायची हे त्यांचं काम.

आता दुसरा भाग, आणि तो जड आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या मोठमोठ्या मळ्यांवर गुलामांकडून काम करून घेणारा जो माणूस ठेवलेला असायचा त्यालाही ओव्हरसियरच म्हणत. दिवसभरात किती कापूस वेचला ते संध्याकाळी तोलायचं आणि कमी भरला तर चाबूक, असं ते काम. आपण वर वेचणीचंच उदाहरण घेतलं, काटा तोच, वही तीच, पण तिथं वेचणाऱ्याला काम सोडून घरी जायचा हक्क नव्हता आणि मजुरी तर नव्हतीच. १८६१ ते १८६५ तिथं यादवी युद्ध झालं, अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला, आणि त्या काळात आपल्या वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. म्हणजे त्या ओव्हरसियरांच्या मळ्यांवरचा कापूस अडला तेव्हा आपल्या आजे-पणज्यांची वावरं कापसानं पांढरी झाली. हे मी वर्गात नेहमी सांगतो, कारण शब्द कुठून आणि काय काय पाहून आलाय हे माहीत असलेलं बरं.

म्हणून ओव्हरसी हे क्रियापद बिनधास्त वापरा, त्याला काही डाग नाही. पण माणसाला, विशेषतः अमेरिकन माणसाला, ओव्हरसियर म्हणू नका. सुपरवायझर म्हणा. आणि लिहिताना ओव्हरसियरमध्ये एसनंतर ई दोनच, तीन नाही.

दादा, मी बचत गटाचं काम पाहते. दहा गटांचे हिशेब माझ्याकडे आहेत. अर्जात काय लिहू? मदत करते असं लिहिलं होतं.

ताई, मदत करते हे खोडा आधी. दहा गटांची वही तपासायची, बँकेत हप्ता वेळेवर जातो की नाही पाहायचं, एखाद्या गटात भांडण झालं तर जाऊन बसायचं, हे हेल्प होत नाही. लिहा: आय ओव्हरसी द अकाउंट्स ऑफ टेन सेल्फ-हेल्प ग्रुप्स. एवढं एक वाक्य पुरे, वर विशेषणं लावू नका, आकडा आपोआप बोलते.

मला हे मनापासून सांगायचं आहे, कारण आपल्या बायांचं हेच होते. घर, वावर, गट, अंगणवाडीतला पोषण आहार, सगळं त्यांच्या नजरेखाली चालते आणि विचारलं तर म्हणतात, "आम्ही काय, जरा मदत करतो." ज्याची जबाबदारी आहे त्यानं ओव्हरसी लिहावं. उलटही तितकंच खरं आहे, ज्यानं फक्त हजेरीची वही पोचवली त्यानं ओव्हरसॉ अ टीम लिहू नये, मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडचण होते.

फक्त लेकरं, म्हातारी माणसं, गुरं यांच्यासाठी ओव्हरसी नको. तिथं माया आहे, सांभाळणं आहे. तिथं लुक आफ्टर. शी लुक्स आफ्टर हर मदर-इन-लॉ.

पानठेल्यावर कॅमेरा बसवला. आता कॅमेरा दुकान ओव्हरसी करते म्हणू शकतो का?

नाही, कॅमेरा रेकॉर्ड करतो, फार तर मॉनिटर करतो. वर म्हटलं तसं ओव्हरसीला जबाबदार माणूस लागतो, माल चोरी गेला तर कॅमेऱ्याला कोणी विचारणार नाही. मोबाइलवरून मोटर चालू-बंद होते, तिथंही तेच. म्हणूनच आता एआयच्या चर्चेत ह्यूमन ओव्हरसाइट हा शब्द सारखा ऐकू येतो, युरोपनं २०२४ मध्ये एआयचा कायदा केला त्यात तर धोक्याच्या कामांसाठी ती अटच घातली आहे, की यंत्र काहीही सांगो, वर पाहणारा आणि थांबवू शकणारा माणूस पाहिजे. इथं ओव्हरसाइट म्हणजे देखरेख, चूक नव्हे, आजूबाजूचे शब्द पाहूनच ओळखलं ना?

मी पुण्यात नोकरीले हाओ, वावर गावाकडं हाय, लहाना भाऊ वाहते. मी रोज फोन करून सगळं सांगतो, तं मी शेती ओव्हरसी करतो म्हणू का?

दादा, पेरणीचं बियाणं कोणतं, फवारणी कधी, हे कोण ठरवते आणि पीक गेलं तर रात्री झोप कोणाची उडते, यावर ते आहे. तुम्ही खत-बियाण्याचे पैसे पाठवता, हिशेब ठेवता, विकायचं कधी ते पाहता, तर तेवढं तुमच्या नजरेखाली आहे आणि तेवढ्यासाठी ओव्हरसी बरोबर आहे, लांबून देखरेख करता येते, शब्दाला त्याची अडचण नाही. पण डवरणीच्या वेळी बांधावर उभा कोण आहे? मजुराशी कोण बोलते? रोह्यांसाठी रात्री माळ्यावर कोण बसते? तेवढं भावाचं आहे आणि वाक्यातही त्याचंच राहू द्या. मी असं लिहिलं असतं: माय ब्रदर फार्म्स अवर लँड, अँड आय ओव्हरसी द अकाउंट्स फ्रॉम पुणे.